नाल्याची भिंत कोणाची?

आमच्या नाल्याची संरक्षक भिंत पडली ती पाणी उतरल्यावर. आदल्या रात्री नाला काठोकाठ वाहत होता, आम्ही गच्चीवरून टॉर्च मारून बघत होतो आणि भिंत जागच्या जागी उभी होती. सकाळी पाणी गुडघ्याइतकं झालं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दुपारच्या सुमाराला भिंतीचा एक लांबलचक तुकडा नाल्यात आडवा झाला. मागची माती, त्या मातीतलं बकुळीचं झाड आणि मुलांच्या घसरगुंडीचा पाया त्याच्याबरोबर गेला. दुपारची वेळ होती, मुलं शाळेत होती, म्हणून कोणाला काही झालं नाही.

आमची सोसायटी नाशकात, उंटवाडीच्या अंगाला आहे. शेजारून एक नाला वाहतो आणि पुढे नासर्डी नदीला मिळतो. आता नासर्डीला नंदिनी म्हणतात, पण आमच्या पिढीच्या तोंडी नासर्डीच आहे. मी सोसायटीची सचिव, त्यामुळे पडलेल्या भिंतीचं पुढे काय करायचं हे माझ्याकडे आलं. मला वाटलं होतं की फोटो काढायचे, अर्ज द्यायचा, पाठपुरावा करायचा. पण त्याआधी एका प्रश्नाचं लेखी उत्तर लागत होतं आणि ते कोणाकडेच तयार नव्हतं: ही भिंत सांभाळायची कोणी? नाशकात नाल्याकाठच्या कितीतरी वसाहतींपुढे हाच प्रश्न उभा आहे किंवा उद्या राहणार आहे, म्हणून आम्ही कुठून कसे गेलो ते सविस्तर लिहिते आहे.

आधी भिंत का पडली ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून होतं. आमच्या शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पडलेल्या जागी ते काठी टेकत उतरले, दगड उलथेपालथे करून पाहिले आणि वर येऊन म्हणाले, "पाण्याने भिंत ढकलली नाही. मातीने ढकलली." पूर असतो तेव्हा नाल्यातलं पाणी भिंतीला समोरून टेकू देत असतं. त्याच वेळी मागची माती पाणी पीत असते. नाला झपाट्याने उतरला की समोरचा टेकू जातो, मागची माती मात्र पाण्याने जड झालेली राहते आणि ते पाणी बाहेर यायला वाट शोधतं. वाट म्हणजे भिंतीतली भोकं, ज्यांना मिस्त्री लोक वीपहोल म्हणतात. आमच्या भिंतीत ती होती, पण कुठे मातीने लिंपली गेली होती, कुठे पिंपळाच्या मुळांनी बुजली होती. एके ठिकाणी तर कोणीतरी बागेत घाण वास येतो म्हणून सिमेंट भरलं होतं. त्यात मागे भराव काळ्या मातीचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, दरवर्षी भिंतीला थोडी थोडी रेटत राहते. भिंतीने आधीच पोट काढलेलं होतं, आम्ही ते रोज बघत होतो.

दुसरी गोष्ट काकांनी पायाशी दाखवली. नाल्याचा तळ भिंत बांधली तेव्हापेक्षा बराच खाली गेला होता. वरच्या बाजूला नाल्याला दोन्हीकडून भिंती घालून अरुंद केलेलं आहे. अरुंद जागेतून पाणी वेगाने येतं आणि जिथे मोकळं सुटतं तिथला तळ खरवडतं. तिथे आमची भिंत. तळ खरवडत गेला तसा पाया उघडा पडला. "वरून शेंडा बघून भिंत कळत नाही, तळाशी जाऊन बघायची असते," असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

नाशकात पूर म्हटलं की सगळ्यांची नजर गोदाघाटाकडे जाते. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का, छातीला लागलं का, गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, यावर शहराचा जीव वरखाली होतो. ते बरोबरच आहे. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ हे पूर इथे कोणी विसरलेलं नाही. पण नाल्याचा पूर धरणाला विचारून येत नाही. आपल्याच वस्तीवर, आपल्याच रस्त्यांवर तास-दोन तास जोराचा पाऊस झाला की डांबर आणि पेव्हर ब्लॉकवरून घसरत सगळं पाणी एकदम नाल्यात उतरतं. भोंगा वाजत नाही, इशारा येत नाही. आणि त्याच वेळी गोदावरी चढलेली असेल तर नासर्डीचं पाणी तुंबतं, नासर्डीमुळे नाल्याचं तुंबतं आणि फुगवटा मागे सरकत वस्तीपर्यंत येतो. २००८ नंतर गोदावरीकाठी निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमच्यासारख्या छोट्या नाल्यांना अशी रेषा नसते. तिथे पुराची पातळी म्हणजे जुन्या रहिवाशांच्या आठवणीतली पायरी.

आता कार्यालयांबद्दल. पहिल्या ठिकाणी सांगितलं की पावसाळ्याआधी नाल्यातला गाळ काढणं आमच्याकडे आहे, भिंत आमच्या यादीत नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले की आम्ही नद्या, धरणं आणि कालवे बघतो, शहरातला नाला आमच्याकडे येत नाही. तिसऱ्या ठिकाणी जमिनीचा कायदा समोर ठेवला. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम २०. नद्या, ओढे, नाले यांचे तळ, जे दुसऱ्या कोणाच्या मालकीचे नाहीत, ते राज्य शासनाचे. "म्हणजे ताई, नाल्याची जागा शासनाची. पण त्यावर भिंत कोणी बांधली आणि कोणी राखायची, हे आमच्या दप्तरात नसतं." ते गृहस्थ खुर्ची पुढे ओढून कलम वाचून दाखवत होते, टाळत नव्हते.

मला सुरुवातीला राग यायचा. घरी येऊन कागद मांडून बसले तेव्हा लक्षात आलं की प्रत्येकजण आपापल्या पुरतं खरं सांगत होता. आमच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न होते. जागा कोणाची, भिंत बांधली कोणी, आणि ती राखायची जबाबदारी कोणी लेखी घेतली. जमिनीच्या मालकीवरून देखभाल ठरत नाही. बांधणाऱ्यावरूनही आपोआप ठरत नाही. महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये गटारं आणि निचऱ्याची कामं बांधणं, सांभाळणं, साफ करणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून दिलेलं आहे. पण खाजगी लेआउटच्या कडेला लेआउटवाल्याने उभी केलेली भिंत त्या कामांत धरायची की नाही, हे ती भिंत कधी रीतसर हस्तांतरित झाली का यावर ठरतं. हस्तांतरणाचा कागद असेल तर प्रश्न मिटला. आमच्याकडे असा कागद होता की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून माहिती अधिकारात गेलो. इथे थोडं तपशिलात सांगते, कारण बहुतेकांचे अर्ज इथेच अडतात. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, अर्ज एकाच विषयाचा असावा लागतो आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवावा लागतो. "आमची भिंत दुरुस्त का होत नाही" असं विचारलं तर उत्तर येतं की हा खुलासा मागितलेला आहे, ही माहिती नव्हे. कायद्यात माहिती म्हणजे दप्तरात असलेला कागद. त्यामुळे आम्ही कागदांची नावं लिहिली: आमच्या सर्व्हे नंबरच्या लेआउट मंजुरीचा आदेश सर्व अटींसह, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला, रस्ते आणि खुल्या जागा यांच्या हस्तांतरणाची नोंद, आणि त्या नाल्यावर सार्वजनिक खर्चातून झालेल्या प्रत्येक कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश व मोजमाप पुस्तिकेची पानं. यातले नगररचनेचे कागद एका अर्जात आणि कामांचे कागद दुसऱ्या अर्जात घातले. शेवटी एक ओळ न चुकता लिहिली: फाइल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी द्यावी. पाहणीचा पहिला तास फुकट असतो. झेरॉक्सच्या पानामागे दोन रुपये. पण मोठ्या फाइलमध्ये आपल्याला हवं ते कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून पाहणी मागणं फार महत्त्वाचं.

एका कार्यालयाकडून तीस दिवसांत काहीच आलं नाही. मग वीस रुपयांचा स्टँप लावून पहिलं अपील केलं. सुनावणीला गेले तेव्हा पोच घेतलेल्या अर्जाची प्रत आणि आवक क्रमांक बरोबर होता, त्यामुळे वाद घालावा लागला नाही. दुसऱ्या अर्जातले काही कागद त्या विभागाचे नव्हतेच. पण कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायला हवा आणि त्यांनी तो पाठवलाही. पोच घेणं आणि ती नीट फाइलला लावणं, या कामात हेच सगळ्यात कामाला आलं.

फाइल पाहायला काका बरोबर आले. पिवळी पडलेली, सुतळीने बांधलेली फाइल. मंजुरीचा आदेश नव्वदच्या दशकातला. त्यात खाली एक अट होती: नाल्याच्या बाजूने संरक्षक भिंत लेआउटधारकाने स्वखर्चाने बांधावी. बांधल्याची नोंद पूर्णत्वाच्या कागदात होती. रस्ते सार्वजनिक ताब्यात दिल्याची नोंदही होती. भिंत दिल्याची नोंद कुठेही नव्हती. खुली जागा लेआउटमधल्या भूखंडधारकांच्या सामायिक वापरासाठी राखलेली. म्हणजे खुल्या जागेच्या कडेची भिंत आमच्या सगळ्यांची निघाली. आम्ही घरं घेतली तेव्हा आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि करारनाम्यातही एका ओळीने लिहिलेलं नव्हतं.

कामांच्या कागदांतून दुसरी गोष्ट पुढे आली. बरीच वर्षं उलटल्यावर सार्वजनिक निधीतून वरच्या बाजूचा तुकडा नव्याने बांधला गेला होता. अंदाजपत्रकात पायाची खोली दिलेली होती आणि ती आमच्या जुन्या भिंतीच्या पायापेक्षा निराळी होती. काकांनी दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले. संध्याकाळी ते मला पडलेल्या जागी घेऊन गेले आणि दाखवलं: भिंत जिथे तुटली होती तिथेच हे दोन तुकडे एकमेकांना टेकलेले होते. जुना अनघड दगडाचा, नवा काँक्रीटचा. मध्ये नुसता सांधा. एकमेकांत गुंतवलेले नव्हते. लांबून ती एकच भिंत दिसायची, पण बांधणारे दोन, पाये दोन, आणि सांध्याची काळजी कोणाकडेच नाही. पाणी त्या फटीतून मागे शिरलं आणि मागची माती चाळणीतून गळावी तशी हळूहळू नाल्यात निघून गेली. खेळायच्या जागेत गेली काही वर्षं जमीन दबत होती, आम्ही तिथे दरवर्षी मुरूम टाकत होतो. तो मुरूम नाल्यात जात होता.

मला विचाराल तर साऱ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे ते अंदाजपत्रक. जबाबदारी विभागलेली असणं ठीक आहे, ती विभागलेली असणारच. पण दोन जबाबदाऱ्या जिथे भिडतात ती जागा कोणाच्याच यादीत नसली की भिंत बरोबर तिथेच जाते.

यानंतर मोजणी. भूमी अभिलेखकडे अर्ज केला, फी भरली. मोजणीच्या आधी लगतच्या धारकांना नोटीस जाते आणि नाल्याच्या बाजूला लगतधारक शासन असल्यामुळे त्यांनाही गेली. भूकरमापक रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने मोजणी करणारं यंत्र, घेऊन आले, जुना नकाशा आणि मंजूर लेआउट दोन्ही बरोबर. आमचा अंदाज होता की भिंत नाल्याच्या जागेत आहे, म्हणजे आमच्या हद्दीबाहेर. निघालं उलटं. जुनी भिंत बहुतेक ठिकाणी खुल्या जागेच्या आतच होती. नाल्याचा प्रवाह मात्र नकाशातल्या जागेपासून आमच्याकडे सरकलेला होता, कारण पलीकडच्या काठाला कोणीतरी वर्षानुवर्षं राडारोडा टाकून भर घातली होती. हद्दीच्या खुणा लागल्या, 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, हातात आली आणि पहिल्यांदा आमच्याकडे असा नकाशा आला ज्यावर बोट ठेवून सांगता येईल की इथून इथपर्यंत आमचं.

पण "आमचं" म्हणायलाही कागद लागतो. सातबाऱ्यावर खुल्या जागेला अजून मूळ जमीनमालकाचं नाव होतं, कारण सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचं रीतसर हस्तांतरण, झालेलंच नव्हतं. नाशकातल्या कितीतरी सोसायट्यांची हीच स्थिती आहे. १९६३ च्या मोफा, म्हणजे सदनिका मालकीच्या, कायद्यातल्या कलम ११ प्रमाणे जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे मालकाने करून दिलं नाही तरी ते मिळवण्याचा, अर्ज करता येतो. आम्ही तो केला. तो वेगळा आणि लांबचा रस्ता आहे, इथे एवढंच सांगते की भिंतीची गोष्ट निघायची वाट न बघता हा अर्ज आधीच करून ठेवावा.

आता घरातला प्रश्न. विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. मी नकाशा भिंतीला चिकटवला, आदेशातली अट वाचून दाखवली. पहिलं वाक्य जे आलं ते मला अपेक्षित होतं: "आमचं घर रस्त्याकडे आहे, नाल्याशी आमचा काय संबंध? आम्ही का द्यायचं?" नाल्याकडच्या घरांतून लगेच उलट आवाज आला. आवाज चढले. काही जणांचं म्हणणं की कर भरतो, तेव्हा सगळं महापालिकेनेच करावं. एका काकूंनी शांतपणे विचारलं, "मग खेळायची जागा कोणाची? तिथे रस्त्याकडची मुलं खेळत नाहीत का?" ती सभा तिथून वळली. भिंत खुल्या जागेची आहे, खुली जागा सगळ्यांची आहे, म्हणून खर्च सगळ्यांचा, असा ठराव झाला. दोन घरांचा विरोध नोंदवून घेतला, तोही इतिवृत्तात जसाच्या तसा.

पैशाची बाजूही सांगायला हवी. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांच्या राखीव निधीसाठी, किमान ०.२५ टक्के वर्गणी घ्यायची असते. आम्ही ती घेत होतो, पण हिशेब घरांच्या बांधकामावर लावलेला. भिंत त्यात नव्हतीच. लेखापरीक्षकांशी बोलून संरक्षक भिंत सोसायटीच्या मालमत्ता नोंदवहीत चढवली आणि तिच्यासाठी वेगळी रक्कम दरवर्षी बाजूला काढायचं ठरवलं. नोंदवहीत नाव आलं की लेखापरीक्षणात दरवर्षी तिच्याबद्दल विचारणा होते. मला हे फार मोलाचं वाटतं.

सभेत आणखी एक सूचना आली होती आणि तिला बराच पाठिंबा होता. भिंत पाच फूट उंच करा आणि नाल्यावर स्लॅब टाका, वर पार्किंग होईल. काका तेव्हा उभे राहिले. गावात सरस्वती नाला दहीपूल, सराफ बाजाराच्या खालून जातो, तिथे जरा जोराचा पाऊस झाला की दुकानांत पाणी शिरतं हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. झाकलेला नाला दिसत नाही, दिसत नाही म्हणून साफ होत नाही, आणि चढलेल्या पाण्याला बाहेर पडायला वरचा रस्ताच तेवढा उरतो. भिंत उंच केली तर पाणी पलीकडच्या वस्तीत जाईल. तिथेही आपल्यासारखीच माणसं राहतात. त्यातून २०२० च्या बांधकामांसाठीच्या एकत्रिकृत नियमावलीत छोट्या प्रवाहाच्या काठापासून नऊ मीटर सोडायला सांगितलं आहे, ते अंतर पाण्याला हातपाय पसरायला जागा राहावी म्हणूनच. पार्किंगची सूचना मागे घेतली गेली. त्या रात्री काकांचे आभार मानायला मी त्यांच्या घरी गेले होते.

कागद हातात आल्यावर, वरचा तुकडा ज्या विभागाकडे होता त्याच्या कार्यालयात बोलण्याची तऱ्हाच बदलली. आम्ही तक्रार घेऊन गेलो नाही. नकाशा, अट, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि सोसायटीचा ठराव घेऊन गेलो आणि म्हणालो: एवढा तुकडा आमचा, आम्ही करतो. एवढा सार्वजनिक कामाचा, तो तुमचा. सांध्याचं काय ते एकत्र बघू. संयुक्त पाहणी झाली. अभियंता बाई बूट काढून नाल्यात उतरल्या, काकांबरोबर पायाशी वाकून बघितलं आणि तिथेच त्यांनी पाहणी टिपणात लिहिलं की सांध्याच्या दोन्ही बाजूंचा भाग एकाच वेळी, एकाच आराखड्याने करावा. सही त्यांची, सही माझी. सांध्याचं काम त्यांच्या विभागाने करायचं आणि आमच्या बाजूचा खड्डा, भराव आम्ही त्याच वेळी करून द्यायचा, असं ठरलं. इतक्या कागदांनंतर ही एक टिपणी हातात आली तेव्हा मला खरंच भरून आलं.

दुरुस्ती कशी केली तेही थोडक्यात. उंची वाढवली नाही. पाया खाली कठीण मुरूमापर्यंत नेला आणि त्याच्या पुढे नाल्याच्या तळात मोठ्या दगडांचं पिचिंग पसरलं. पुढे तळ अजून खरवडला तरी दगड खाली घसरून ती जागा भरतात, पाया उघडा पडत नाही. मागची काळी माती काढून टाकली, भिंतीला लागून खडीचा थर आणि त्यामागे मुरूम. वीपहोल ठरावीक अंतरावर, मागच्या तोंडाशी खडी, म्हणजे पाणी येतं पण माती येत नाही. ठेकेदाराला मागची माती तशीच ठेवायची होती, उचलून न्यायचा खर्च वाचला असता. काका रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसले. ठेकेदाराच्या करारात दोषदायित्व कालावधी, म्हणजे दोष निघाला तर त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत, घातला आणि त्यात निदान एक पूर्ण पावसाळा येईल अशा तारखा धरल्या, कारण भिंतीची परीक्षा पाणी उतरतानाच होते.

देखभालीचा एक कागद आता सोसायटीच्या फलकावर आणि त्या विभागाच्या फाइलमध्ये, दोन्हीकडे आहे. मे महिन्यात वीपहोल सळईने मोकळी करायची, सांध्यांतली पिंपळ-उंबराची रोपं मुळासकट काढायची, नुसती छाटायची नाहीत. खालच्या बाजूच्या मोरीच्या तोंडाशी अडकलेल्या फांद्या आणि प्लास्टिक याची खबर त्या विभागाला लेखी द्यायची, कारण मोरी त्यांची आहे. पाऊस सुरू असताना भिंतीजवळ कोणी उभं राहायचं नाही आणि मोठं पाणी उतरल्यावर दोन दिवस खेळायची जागा बंद ठेवायची. प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचं पद लिहिलं आहे, माणसाचं नाव लिहिलेलं नाही. मी सचिव नसेन तेव्हाही तो कागद चालला पाहिजे. दर पावसाळ्याआधी त्याच जागेवरून, त्याच कोनातून फोटो काढतो. भिंतीने पोट काढलं तर दोन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की दिसतं.

पलीकडच्या काठावर घातलेली भर अजून तशीच आहे. मोजणीच्या नकाशात नाल्याची मूळ जागा आता स्पष्ट आहे आणि त्या नकाशाची प्रत जोडून भर काढण्याचा अर्ज आम्ही दिलेला आहे. नाल्याची जागा शासनाची, त्यामुळे या वेळी तो पहिल्यापासून महसूल खात्याकडे दिला. पलीकडच्या वसाहतीतल्या ताई मला भेटून गेल्या, त्यांच्याही भिंतीला तडा आहे. त्यांनी आमच्या माहिती अधिकार अर्जाचा मसुदा नेला आहे, सर्व्हे नंबर बदलून त्या तो याच आठवड्यात देणार आहेत.